तेल वाढवणारी स्कूटर

सोमवारी सकाळी पावणेआठ वाजता सिस्टरच्या स्कूटरखाली, फरशीवर, हिरव्या पाण्याचे चार थेंब आढळून आले. घटना एवढीच. जखमी कोणी नाही. साक्षीदार एकच, सिस्टरची आई. तिचं म्हणणं असं की थेंब कालही होते, परवाही होते, पण ती ते पुसत आली आणि मुलीला सांगायचं राहून गेलं.

"अगं, कूलंट गळतंय ते. पुसलंस कशाला?"

"मग काय, बरणीत भरून ठेवू? घसरून पडले असते म्हणजे तुझ्या पेशंटांत माझी भर."

सिस्टर एका संस्थेतर्फे घरोघर जाऊन जखमा धुवायची, पट्ट्या बदलायची. दिवसाला अकरा घरं. स्कूटर नव्या धाटणीची होती. इंजिन गार ठेवायला नुसता वारा पुरत नाही म्हणून त्याच्याभोवती हिरवं कूलंट फिरवत ठेवणारी, म्हणजे विकताना जिचं तोंड भरून कौतुक करतात आणि बिघडल्यावर जिच्यापुढे हात वर करतात, त्यांतली.

अकरा घरांतलं शेवटचं घर शिंपीकाकांचं. शहराच्या पार टोकाला, उभ्या चढावर, बस जात नाही तिथे. काकांना साखरेचा आजार आणि उजव्या पायाच्या अंगठ्याखाली बोटभर खोल जखम. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं: तीन आठवडे रोज ड्रेसिंग, एक दिवस चुकता कामा नये. जखम भरली तर पाय राहील. चिघळली तर कापावा लागेल. काकांचं शिलाई मशीन पायडलचं.

"सिस्टर, पाय गेला तर मी काय करायचं? एका पायाने अर्धीच विजार शिवून देऊ गिऱ्हाइकाला?" काका हसत विचारायचे, आणि हसता हसता तिच्या चेहऱ्याकडे बारीक बघायचे.

"गप्प बसा. मी येतेय ना रोज?" सिस्टर म्हणायची.

या 'रोज'खाली ती स्कूटर होती. म्हणून सिस्टरने थेंब दिसल्या दिवशीच गाडी कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्रात नेली. शहाण्या माणसाने जे करावं तेच तिने केलं, आणि तिथूनच सगळं बिघडत गेलं.

सेवा केंद्र चकचकीत होतं. काचेचं दार, गार हवा, प्रतीक्षा कक्षात मऊ खुर्च्या, टोकनचं यंत्र. काउंटरवर एक तरुण बसायचा. त्याच्या छातीवर 'आपला मित्र' अशी पट्टी होती. नाव विचारलं की तो पट्टी दाखवायचा, म्हणून आपणही त्याला मित्रच म्हणू.

"काय तक्रार आहे?"

"कूलंट गळतंय."

मित्राचा चेहरा दुखावला. "मॅडम, गळती हा शब्द आपण वापरत नाही. वरून परिपत्रक आलंय. गेल्या वर्षी आपल्या केंद्रात गळतीच्या तीनशे बारा तक्रारी होत्या. यंदा एकही नाही."

"गाड्या सुधारल्या?"

"शब्द सुधारला. आता द्रव-स्थलांतर म्हणतो आपण. बाह्य की अंतर्गत?"

"फरशीवर पडतंय."

"म्हणजे बाह्य," मित्र म्हणाला आणि त्याने तसं टाइप केलं.

गाडी आत गेली. आत मामा होते. मामा म्हणजे केंद्रातले सगळ्यात जुने मेकॅनिक, सगळ्यांचेच मामा. ते गुडघ्यावर बसले, टॉर्च मारला आणि अर्ध्या मिनिटात उठले.

"पंपाचं सील गेलंय, सिस्टर. हे बघा, पंपाच्या पोटाखाली बारीक भोक आहे. ते बनवणाऱ्याने मुद्दाम ठेवलंय. सील गेलं की पाणी इथून बाहेर टपकतं आणि मालकाला कळतं, बाबा रे, बघ आता. तुम्हाला वेळेवर कळलंय. सील बदललं की झालं. अर्ध्या दिवसाचं काम."

सिस्टरला बरं वाटलं. पण मामांच्या पाठोपाठ व्यवस्थापक आले. हातात टॅब, टॅबवर उपाययोजनांची अधिकृत यादी. बाह्य द्रव-स्थलांतरापुढे उपाय लिहिला होता: 'स्थलांतराचा मार्ग बंद करणे'.

"मार्ग कुठला?" व्यवस्थापकांनी विचारलं.

"हे भोक," मामा म्हणाले. "पण साहेब, ते बुजवायचं नसतं. ते आहे म्हणून पाणी बाहेर तरी पडतंय. बुजवलंत तर ते आतल्या बाजूने तेलात शिरेल."

"तेल आपल्या विभागात येतं का?"

"नाही."

"मग तेलाची काळजी तेलवाले करतील. यादीत आहे ते करा."

मामांनी भोकात सीलंट भरलं. तीस वर्षं गाड्या दुरुस्त केलेला माणूस, पण यादीपुढे कोणाचं चालतंय? तक्रार बंद झाली. मित्राने सिस्टरला हसून सांगितलं की आता फरशीवर एक थेंब दिसणार नाही. आणि खरोखरच दिसला नाही. आई खूश झाली. तिचं एक काम वाचलं.

चार दिवसांनी कूलंटच्या टाकीत पातळी दोनशे मिली कमी होती आणि फरशी कोरडी ठणठणीत होती. सिस्टर केंद्रात गेली. या वेळी तिला शीतलक विभागात पाठवलं. तिथल्या साहेबांनी टाकीत डोकावून पाहिलं, कूलंट भरलं आणि शेरा लिहिला: 'बाष्पीभवन'.

"झाकण बंद असताना?"

"मॅडम, निसर्गाला झाकण नसतं," साहेब म्हणाले. हे वाक्य त्यांना स्वतःलाच इतकं आवडलं की त्यांनी ते वहीत उतरवून घेतलं.

दोन दिवसांनी सिस्टरने इंजिन ऑइलची डिपस्टिक काढून पाहिली. तेल वरच्या खुणेच्याही वर गेलेलं. ती पुन्हा केंद्रात. तेल म्हणजे वंगण विभाग. शीतलक आणि वंगण या दोन विभागांच्या मध्ये प्लायवूडची भिंत होती. भिंतीला खिडकी पाडायची असा ठराव फार पूर्वी झाला होता, पण खिडकी नेमकी कोणत्या बाजूने पाडायची यावर एकमत झालं नाही. एका गाडीची एका वेळी एकाच विभागात तक्रार चालायची, हा नियम. दोन विभागांनी आपसात बोलायचं तर आधी मुख्य कार्यालयाला कळवायचं, हाही नियम.

वंगण विभागात एक बाई होत्या. त्यांनी डिपस्टिक पुसली, बुडवली, पाहिली आणि त्यांचा चेहरा उजळला.

"अभिनंदन! बाकीच्यांची इंजिनं तेल खातात. तुमचं तर वाढवतंय."

"अहो, इंजिन तेल कसं वाढवेल? त्यात पाणी शिरलंय. रंग बघा, दूध घातलेल्या चहासारखा झालाय."

"रंग हा आमचा निकष नाही. पातळी हा निकष आहे, आणि तुमची पातळी निकषाच्या वर आहे."

बाईंनी वरचं दोनशे मिली तेल काढून घेतलं आणि शेरा लिहिला: 'समाधानकारक, अतिरिक्त'.

सिस्टर पेशंटांचा तक्ता ठेवायची, किती पाणी पोटात गेलं, किती बाहेर आलं. तिने तसाच तक्ता स्कूटरचा काढला. कूलंट कमी, दोनशे. तेल जास्त, दोनशे. पुढच्या चार दिवसांत पुन्हा कमी दोनशे, जास्त दोनशे. हा कागद तिने शीतलकच्या साहेबांपुढे ठेवला. त्यांनी डावा रकाना वाचला आणि उजवा रकाना तळव्याने झाकला, कारण तो त्यांच्या अखत्यारीत नव्हता. मग तिने तो भिंतीपलीकडे बाईंना दाखवला. त्यांनी उजवा वाचला आणि डावा झाकला. दोघेही कामाला अगदी चोख होते. असल्या चोख माणसांनीच जगाची वाट लावली आहे.

"बाहेरच्या मेकॅनिककडून करून घेऊ का?" तिने मामांना गुपचूप विचारलं.

"बाहेरच्याने हात लावला की वॉरंटी गेली. शिवाय हे सील बाहेर मिळतच नाही. आणि इथे आत कपाटात सत्तर पडलीयत," मामा म्हणाले. "पण 'गळती' असा कोड टाकल्याशिवाय कपाट उघडत नाही. आणि गळती आपल्याकडे नाही."

महिनाअखेरीला वंगण विभागाचा अहवाल मुख्य कार्यालयात गेला. त्यात सिस्टरच्या स्कूटरचा तेलवापर उणे चारशे मिली दाखवला होता. कार्यालयात आनंदीआनंद झाला. असं इंजिन आजवर कोणी बनवलं नव्हतं. सिस्टरला फोन करून बोलावून घेतलं, 'वंगण-समृद्ध वाहन' असं प्रमाणपत्र तिच्या हातात दिलं आणि फोटो काढला. फोटोत सिस्टर तोंड उघडून काहीतरी ओरडताना दिसते. फोटोखाली लिहिलं, 'आनंद व्यक्त करताना एक समाधानी ग्राहक'. फोटो प्रतीक्षा कक्षात लागला.

प्रमाणपत्र घेऊन ती बाहेर पडली आणि चौथ्या चौकात गाडी तापल्याचा लाल दिवा लागला. ती तशीच मागे वळली.

"दिवा लागतोय म्हणजे दिवा चालू आहे," मित्र म्हणाला. "बऱ्याच गाड्यांचा तर लागतही नाही."

"लाल दिवा लागतोय हो! इंजिन तापतंय!"

"त्रास होतोय का तुम्हाला दिव्याचा? थांबा." त्याने वायर जोडली, संगणकावर दोन बटणं दाबली. "नवी प्रणाली टाकलीय. आता दिवा फक्त आवश्यक वाटल्यास लागेल."

"कोणाला आवश्यक वाटल्यास?"

मित्राने छातीवरच्या पट्टीकडे बोट दाखवलं आणि पुढचं टोकन पुकारलं.

दिवा पुन्हा लागला नाही. शिंपीकाकांच्या ड्रेसिंगचा तो चौदावा दिवस. जखम तळापासून भरत आली होती, कडा गुलाबी दिसत होत्या. काकांनी त्या दिवशी पायडलवर नुसताच पाय ठेवून पाहिला आणि काकू रागावल्या.

पंधराव्या दिवशी, चढाच्या निम्म्यावर, स्कूटरने एक करकर आवाज केला आणि मागचं चाक जागच्या जागी आवळलं. सिस्टर पडता पडता वाचली. इंजिन सीझ. तेलाचं काम पाणी करू शकत नाही, हे यादीत कुठे नव्हतं; इंजिनाला मात्र ठाऊक होतं. तिने स्कूटर कडेला ढकलली, बॅग खांद्याला मारली आणि उरलेला चढ पायी चढली. ड्रेसिंग झालं. घामाने डबडबलेल्या तिला काकांनी पाणी दिलं आणि विचारलं, "उद्या?"

"येते म्हटलं ना," ती म्हणाली. पण या वेळी तिने काकांकडे बघितलं नाही.

पायी अकरा घरं होणं शक्यच नव्हतं. संस्थेनेही नियम काढला. काम वाहनधारक नर्सचं, तुमच्याकडे तूर्त वाहन नाही, तेव्हा लांबचं एक घर तूर्त वगळण्यात येत आहे. दुसरी नर्स द्या म्हटलं तर त्या भागाला दुसरी नर्स मंजूर नाही. तरी ती सोळाव्या दिवशी दहा घरं उरकून, पाय ओढत, दिवस मावळायच्या आत काकांकडे पोचली. सतराव्या दिवशी नाही पोचली. अठराव्या दिवशी काकूंचा फोन आला, पायाला वास येतोय म्हणून.

त्याच सकाळी सिस्टर सेवा केंद्रात गेली. तिला काही नको होतं, माफी नको की भरपाई नको. फक्त स्कूटर दुरुस्त होईपर्यंत बदली गाडी. अंगणात तशा चार गाड्या उभ्या होत्या, धूळ खात.

व्यवस्थापकांनी चौकशी बसवली आणि पंधरा मिनिटांत उठवली. शीतलक विभागाने कळवलं की शेवटच्या तपासणीत शीतलकाची पातळी बरोबर होती. वंगण विभागाने कळवलं की त्यांची पातळी बरोबरपेक्षाही जास्त होती.

"मग इंजिन का बसलं?" सिस्टरने विचारलं.

"इंजिन कुठल्या विभागात येतं?" व्यवस्थापकांनी मित्राला विचारलं.

मित्राने संगणकात पाहिलं. "दोन्हींच्या मध्ये येतं, साहेब. मध्ये भिंत आहे."

"हे बघा मॅडम," व्यवस्थापक अतिशय मऊ आवाजात म्हणाले, "आम्हाला तुमची अडचण कळते. दोष मान्य झाला तरच बदली गाडी देता येते. दोन विभागांचा एकत्र दोष मान्य करायला संयुक्त तक्रार लागते. आणि संयुक्त तक्रारीवर त्याच मॉडेलच्या आणखी एका ग्राहकाची सही लागते, की माझ्याही गाडीला हाच त्रास आहे. एक सही आणा. गाडी आत्ता देतो. किल्ली ही इथेच आहे."

किल्ली त्यांनी खरंच टेबलावर ठेवली. माणूस वाईट नव्हता. नियमाबाहेर जाऊन वाईट वागणारा तर मुळीच नव्हता.

सिस्टर फॉर्म घेऊन प्रतीक्षा कक्षात आली. नऊ माणसं बसली होती. त्यांतल्या सहांच्या हातात तिच्याच मॉडेलची किल्ली होती. तिच्या बॅगेत काचेची बाटली होती आणि बाटलीत तिच्या इंजिनातलं तेल, चहाच्या रंगाचं. तिने ती सगळ्यांसमोर धरली.

"तुमच्यापैकी कोणाच्या गाडीचं तेल असं दिसतं?"

सहा जणांनी बाटलीकडे पाहिलं. सहाही जणांनी ओळखलं; माणसाला आपल्या गाडीचं तेल न ओळखायला काय झालं? मग सहाही जणांना एकदम मोबाइलमध्ये काहीतरी महत्त्वाचं दिसलं.

तेवढ्यात आतून मामा आले. हात पुसत आले आणि कक्षाच्या मधोमध उभे राहिले. व्यवस्थापक काचेआडून बघत होते, हे मामांना दिसत होतं.

"ऐका जरा," मामा म्हणाले. "तुमच्या सगळ्यांच्या पंपाखालचं भोक मी या हातांनी बुजवलंय. सगळ्यांच्या. सिस्टरचं इंजिन बसलं, तसं तुमचंही बसणार. महिन्याने बसेल, नाहीतर उद्या. मी नोकर, माझी सही चालत नाही. तुमच्यातल्या कोणीतरी करा. एका माणसाचा पाय जातोय."

मग एक आजोबा म्हणाले, "माझी आज तर चालतेय." एक बाई म्हणाल्या की गाडी यांच्या नावावर आहे, यांना विचारून सांगते. एकाने घसा खाकरून सांगितलं की मूळ विषय बरोबर आहे, पण मांडायची पद्धत चुकतेय, आधी मेल करायला हवा होता. एक जण चिडलाच. "मॅडम, जरा बाजूला व्हा, टोकनचा आकडा दिसत नाहीये." एकाने बाटलीचा फोटो मात्र काढला, चांगला जवळून, आणि 'काय चाललंय हे' असं लिहून कुठे कुठे पाठवला. सही मागितली तेव्हा तो म्हणाला, "टाकलंय ना मी. लोकांना कळलं पाहिजे."

उरली कोपऱ्यातल्या खुर्चीवरची व्यक्ती. तिने फॉर्म मागून घेतला. नीट वाचला, पहिल्यापासून शेवटपर्यंत. सिस्टरने पेन दिलं. त्या व्यक्तीने टोपण काढलं, पेन कागदावर टेकवलं.

"ही सही कुठे कुठे जाते?"

"इथेच. व्यवस्थापकांकडे."

"म्हणजे माझी गाडी आज अडकणार नाही ना? मला दुपारी जरा जायचं होतं."

"माहीत नाही," सिस्टर म्हणाली. तिला खोटं बोलता आलं असतं. नाही बोलली.

तेवीस नंबर पुकारला गेला. त्या व्यक्तीने टोकन पाहिलं. तेवीसच होता. "माझ्या शुभेच्छा आहेत तुम्हाला, मनापासून," असं म्हणून ती उठली, आणि कोरा फॉर्म सिस्टरच्या हातात आला.

सिस्टर बॅग घेऊन पायी निघाली. पोचायला तिला दीड तास लागला. काकांचा पाय घोट्याच्या वर काळा पडला होता. तीन दिवसांनी तो गुडघ्याखाली कापला. काकूंनी मशीनवर चादर टाकली. मामांना शिस्तभंगाची नोटीस मिळाली, आरोप असा की त्यांनी प्रतीक्षा कक्षात 'गळती' या अर्थाचे शब्द वापरले.

एव्हाना तुम्ही तीन-चारदा मान हलवली असेल. काय ही माणसं, म्हणाला असाल. व्यवस्थापकाचा राग आला असेल, मित्राचा आला असेल, फोटोवाल्याचा तर आलाच असेल. सिस्टरला मात्र त्यांच्यातलं कोणी आता आठवतही नाही. तिला तुम्ही आठवता. ती सांगते, कोपऱ्यातल्या खुर्चीवरून उठताना तुम्ही पेन परत केलंत, आणि परत करण्याआधी टोपण अगदी नीट लावून दिलंत.